रामूमामाचं पाओनिंग

रामूमामा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी निपाणीतल्या आमच्या घरी आंबोळी खात होते. नातवानं फोन ठेवून हळूच सांगितलं. मी घास गिळला, दुसरी आंबोळी वाढून घेतली आणि विचारलं, "खात्री करून घेतलीस न्हवं?" पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. मामाच्या एका गोष्टीची खात्री करून घेतली नाही म्हणून आमच्या घराचं काय झालं, ते त्याला कुठून माहीत असणार...

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बेळगावाजवळच्या शहापुरात आमचा हातमाग होता. माझे वडील, आप्पा, रेशमी साड्या विणायचे आणि आई नि मी कांड्या भरायचो, म्हणजे लडीवरचं रेशीम नळ्यांवर गुंडाळून द्यायचो. इंग्रजांच्या काळातली गोष्ट. चांगलं रेशीम चीनमधून मुंबईला यायचं. तिथल्या एका पेढीवर मामा नोकरीला होता आणि पेढीच्या कामासाठी एकदा थेट चीनच्या पोटात जाऊन आला होता. आधी आगबोट, मग माणसांनी काठावरून दोरखंडानं ओढत नेलेली होडी, अशा मजलांनी समुद्रापासून लई आत असलेलं पाओनिंग नावाचं शहर त्यानं पाहिलं. "पेकिंगसारखं दांडगं न्हाय गं, आपल्या बेळगावाएवढं धर," असं सांगून तो मागाच्या कट्ट्यावर बसायचा आणि बोटानं हवेत शहर मांडायचा. नदी उत्तरेकडून येते, डोंगराला अडते आणि शहराला तीन बाजूंनी वेढा घालून निघून जाते. पलीकडच्या टेकडीवर उंच मनोरा. भोवती तट, दक्षिणेच्या वेशीपाशी होड्या, आत करड्या कौलांची बसकी घरं. गल्ल्या सरळ, आणि सगळ्या गावाला शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, आंबट वास, कारण शिरका तिथं घरोघर मुरत असतो. अंगणात कढत पाण्याच्या कढया, त्यात रेशीमकिड्यांचे कोसले आणि बायकांची लालभडक बोटं. माणसं निवांत, भांडणसुद्धा चहाच्या दुकानात बसून मिटवणारी. हिवाळाभर धुकं एवढं की ऊन पडलं तर कुत्री भुंकतात, ही कोण नवी वस्तू आली म्हणून! या कुत्र्यांवर आमची अख्खी गल्ली हसायची.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्यांची, महाआगाऊ. अंगणात रांगोळीनं पाओनिंग काढून पोरींना वेशीतून आत घ्यायची, चुकीच्या वेशीनं कुणी आली तर बाहेर काढायची. शाळेत भूगोलाच्या बाईंना चीनमधली दोनच शहरं येत होती, तर मी उभी राहून तिसरं सांगितलं आणि नदीचं वळणही फळ्यावर काढून दाखवलं. कांड्या भरताना लड नाकाशी धरून म्हणायची, "शिरक्याचा वास येतोय." आणि मला तो खरोखर यायचा! शेजारचे विणकर ऐकायला जमायचे. जाताना मामाकडं रेशमाची मागणी नोंदवूनच जायचे, कारण तोवर पेढी सोडून मामानं स्वतःचा धंदा मांडला होता आणि माल थेट पाओनिंगचा म्हणून सांगत होता. फुकटची दवंडी पिटणारी पोरगी घरातच मिळाल्यावर त्याला आणखी काय हवं होतं?

आमच्या गल्लीत व्यापाऱ्यानं आणलेल्या मालातला एक धागा दिव्यावर धरायचीच रीत होती. खरं रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, बनावट कागदासारखं भुर्रकन पेटतं. पण सोयऱ्याचा धागा जाळायचा नाही, तो अपमान. नवी लड आली तेव्हा आई म्हणाली, एकदा दिव्यावर धरा.

"तुझा सख्खा भाऊ हाय त्यो," आप्पा म्हणाले.

"म्हणूनच सांगते की."

आप्पांनी धागा जाळला नाही. एवढी वर्षं रेशमात गेलेला हात त्यांचा, त्याला काहीतरी लागलंच असणार...

कडोलीच्या एका शेतकऱ्यानं लेकीच्या लग्नासाठी त्याच रेशमाची साडी आमच्याकडून नेली होती. हळदीचे डाग काढायला ती पाण्यात घातली आणि पिळताना जागोजाग फाटली. ओलं झालं की बनावट रेशमाचा जीव जातो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. नवरीचा बाप आला, साडी मागावर टाकली आणि पाणीसुद्धा न घेता गेला. मग बातमी पसरली. ज्या आप्पांच्या नुसत्या शब्दावर साडी उचलली जायची, त्यांच्या साडीच्या पदराचा धागा व्यापारी त्यांच्यादेखत, भर दुकानात, काडी ओढून जाळून बघू लागले. आप्पा ते मान खाली घालून बघत उभे राहायचे. वर्षभरात त्यांनी रेशीम सोडलं. पुढं जाडंभरडं सुतीच विणलं, आणि मामाचं नाव घरात परत कुणी काढलं नाही.

स्वातंत्र्याच्या साली मामा निपाणीला माझ्या सासरी आला. मी नवी सून, चहा टाकला. आप्पा तोवर गेले होते. मी त्याला रेशमाचं विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, की पाओनिंग तरी खरं होतं का?

"शहर खरं हाय गं," तो म्हणाला, बशीत चहा ओतत. "खोटं असतं तर तुला तरी पटलं असतं का?"

म्हणजे नदी खरी, मनोरा खरा, ती भुंकणारी कुत्रीसुद्धा खरी. तेवढं सगळं खरं घेऊन त्यात त्यानं आमच्या बापाला गुंडाळलं. शहर खोटं निघालं असतं तर मी ते विसरून तरी गेले असते. आता या वयात शेजारणीचं नाव आठवत नाही, पण पाओनिंगची वेस डोळे मिटून सापडते.

मामाच्या दिवसांना वडगावला त्याच्या घरी गेले. निघताना त्याच्या सुनेनं हिरवी साडी माझ्या ओटीत घातली. मामंजींनी तुमच्यासाठी स्वतः घेऊन पेटीत ठेवली होती, म्हणाली. घरी आले, देवापुढं निरांजन होतं, पदराचा एक धागा काढून ज्योतीवर धरला. केस जळल्याचा वास आला. राख बोटात भुरभुरली. अस्सल रेशीम... खरं कोणतं ते मामाला सगळा जन्म नेमकं कळत होतं. एवढा राग मला कडोलीची ती साडी मागावर पडली त्या दिवशीही आला नव्हता.