बोंडीचं लपवलेलं ॲप

बसा, चहा ठेवला आहे. उकळेपर्यंत सांगून टाकते. उद्या-परवा तायडे मॅडमच्या तोंडून तुमाले कळनच, अन् त्या तिखटमीठ लावल्याशिवाय काही सांगत नाहीत. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका.

पयले एक गोष्ट कबूल करते. अकोल्यात शाळेत मले सव्वीस वर्षं नोकरी झाली. मी वर्गात शिरली का पोरं आपोआप सरळ बसतात. पण माहेरी, अचलपूरले, मले काय म्हणतात माहीत आहे? बोंडी! जन्मली तवा मी कापसाच्या बोंडासारखी पांढरी अन् गोल होती म्हणे. पांढरेपण गेलं, गोलपण राह्यलं. अन् माझ्या मोठ्या भावाच्या, दिलीपदादाच्या तोंडात अजून बोंडीच आहे.

तं झालं असं. एक दिवस मधल्या सुटीत फोन टेबलावर ठेवून मी हात धुवाले गेली. मागं फोन वाजला, टिंग. बाजूच्या खुर्चीवर तायडे मॅडम बसतात. त्यायले दुसऱ्याच्या फोनात पाहाची सवय नाही, असं त्या स्वतःच सांगतात. स्क्रीनवर दादाचा मेसेज होता, 'बोंडे, भाकर खाल्ली का?' दादा रोज दुपारी हेच विचारते. मॅडमनं तो साऱ्या स्टाफरूमले वाचून दाखवला. मी पदराले हात पुसत आली तं पीटीचे सर उठून उभे राह्यले अन् म्हणाले, या बोंडी मॅडम.

दुसऱ्या दिवशी सहावी 'ब'मधी मी फळ्याकडे तोंड केलं अन् मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, 'बोंडे'. तो कोण होता, ते मले आजवर सापडलं नाही.

झालं! माझं डोकं सरकलं. संध्याकाळी घरी आली अन् फोनाच्या सेटिंगमधी शिरली. तशीही माझी स्क्रीन म्हणजे आठवडी बाजारच होता. हजेरीचं ॲप, पोषण आहाराचं ॲप, प्रशिक्षणाचं ॲप, अन् चेहरा गोरा करायचंही एक ॲप, ते भाचीनं टाकून देलेलं. शोधता शोधता सापडलं, 'ॲप लपवा'. मी बसून एकेकाले टिचकी मारली. मेसेजचं ॲपही लपवलं, मुख्य आरोपी तोच होता. आता ते पाहाचं असलं तं दोन बोटं वर सरकवाची अन् मंग चार आकडे टाकायचे. स्क्रीन कशी सारवलेल्या अंगणासारखी झाली. मी यायले दाखवली. आमचे हे पोस्टातून रिटायर झालेत, बटनाचा फोन वापरतात. म्हणाले, आता माझ्यासारखाच दिसून राहिला तुझा फोन, तं एवढे पैसे कायले घातले?

आता माझी अक्कल पाहा. मले वाटलं, लपवलं म्हणजे नुसतं चित्र लपलं. मेसेज आला का टिंग तं वाजनच. आपण दार लोटून घेतलं तरी कडी वाजवलेली ऐकू येतेच ना? पण माझ्या फोनात ॲप लपलं का त्याचा आवाजही लपते, त्याच्यावरचे कॉलही लपतात. सारं गपगार! खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. पण माझा चष्मा टीव्हीवर होता.

पयले चार दिवस लय सुखात गेले. ना टिंग, ना टांग. मी पेपर तपासले, एक लोणचं घातलं. मले वाटलं, लोक सुधरले.

शुक्रवारी शाळेत गेली तं साऱ्या मॅडम हिरव्या साडीत अन् मी एकटी गुलाबी. स्टाफचा फोटो होता. मले मागच्या रांगेत उभं केलं. तायडे मॅडम म्हणाल्या, ग्रुपवर टाकलं होतं ना. मी म्हटलं, टाकलं असतं तं टिंग वाजलं असतं. म्हणजे या साऱ्यायनं मले सोडून दुसरा ग्रुप केला. सव्वीस वर्षांची नोकरी, अन् मले असं वेगळं काढलं!

तुमी म्हणाल, उघडून पाहाचं ना बाई. काहून पाहू? ज्याले गरज असन तो टिंग करन. माझा स्वभाव तुमाले माहीत आहे.

मंग ध्यानात आलं, का दादाचं 'भाकर खाल्ली का'ही बंद झालं. दादाचं घर अचलपूरच्या बाहेर, शेताच्या कडेले. घरात साध्या फोनले रेंज नाही, वायफाय आहे, म्हणून त्याचे सारे कॉल त्या ॲपवरूनच येतात. आठ दिवस झाले, दहा झाले, दादा चूप. मले वाईट वाटलं. पण आपण होऊन फोन करणं म्हणजे हार खाणं, म्हणून मी बी चूप.

अन् सोमवारी तायडे मॅडमनं बॉम्ब टाकला. त्यायचं सासर अचलपूरचं. म्हणाल्या, अभिनंदन मॅडम, प्राचीचं जमलं म्हणे, अमरावतीचा पोरगा आहे.

प्राची म्हणजे दादाची एकुलती एक. अकरावीपासून पदवीपर्यंत पाच वर्षं माझ्या घरी राह्यली. तिचा डबा मी केला, तिच्या वेण्या मी घातल्या, तिचे पेपर असले का रात्र रात्र मी जागली. आता नागपूरले नोकरी करते. अन् तिचं लग्न जमलं, हे मले तायडे मॅडम सांगतात! पण चेहऱ्यावर दाखवते तं ती मी कसली?

म्हटलं, "माहीत आहे. मीच तं पसंत केला पोरगा."

"काय करते पोरगा?"

"नोकरीत आहे."

"कोणत्या?"

"चांगल्या," म्हणून मी तासावर निघून गेली. तास माझा नव्हता.

घरी येऊन रडली. हे म्हणाले, दिलीपभाऊले फोन कर अन् विचार. मी म्हटलं, मेली तरी नाही करणार. त्याच संध्याकाळी दादा परतवाड्याच्या बाजारात आला असन, तिथून त्याचा साधा फोन आला. मी कट केला. परत आला, परत कट केला. तीनदा. मंग यायच्या फोनावर आला. मी खुणेनं सांगतलं, घरी नाही म्हणून सांगा. आमच्या यायनं पस्तीस वर्षं पोस्टात जसा माल आला तसा पोचवला. फोन कानाले लावला अन् म्हणाले, "दिलीपभाऊ, थे म्हणते, मी घरी नाही."

तिकडं काय झालं, ते मले मंग कळलं. दादानं पोराचा फोटो पाठवला, माहिती पाठवली, मले विचारलं. जवाब नाही. कॉल केले, उचलले नाहीत. बाजारातून केला तं कट. अन् वर 'मी घरी नाही'. दादानं अर्थ लावला, बोंडीले पोरगा पसंत नाही. अन् पोराच्या घरी सांगून मोकळा झाला, का पोरीच्या आत्याचं मन नाही, साक्षगंध थांबवा. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. पोराकडच्यायनं तारीखही धरून ठेवली होती, हॉल सांगतला होता.

आता पोराकडचे लोक काय म्हणतील? आत्या मास्तरीण आहे, चार लोकायले ओळखते, तिनं चौकशी केली असन. म्हणजे पोरात काहीतरी खोट असनच. अमरावतीत पोरगा शिकवते त्या क्लासपर्यंत कुजबूज पोचली. तिकडं प्राची रडून राहिली, अन् इकडं मी रुसून बसली होती, का मले कोणी विचारत नाही.

रविवारी अकरा वाजता मी हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. दारात दादा. त्याच्या मागं एक उंच, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. ते पोराचे वडील होते, इंगळेसाहेब. 'जयभीम ताई' म्हणून खुर्चीवर टेकले. पाणी प्यायले, पेला नीट खाली ठेवला.

म्हणाले, "ताई, सरळ विचारतो. आमच्या पोरात तुमाले काय खोट दिसली? दारू नाही, तंबाखू-खर्रा नाही. क्लासमधी गणित शिकवते. काही कानावर आलं असन तं तोंडावर सांगा, पण पोराले असं अधांतरी ठेवू नका."

मले काही समजेना. म्हटलं, तुमचा पोरगा काळा का गोरा, मले ठाऊक नाही. मले कोणी सांगतलंच नाही. अन् दादाकडे पाहून मले रडूच कोसळलं.

दादा ताडकन उठला. "खोटं काहून बोलून राहिली बोंडे? अठरा दिवसांपासून मेसेज करून राहिलो मी."

"एक टिंग नाही वाजलं दादा. एक बी नाही."

"दाखव फोन."

मी देला. दादानं स्क्रीन या टोकाची त्या टोकाले पाह्यली. फोन इंगळेसाहेबांपुढं धरला. "पाहा साहेब. हिनं ॲपच काढून टाकलं. आमाले पारच तोडलं हिनं."

मी डोळे पुसले अन् म्हटलं, "काढलं नाही. लपवलं आहे."

इंगळेसाहेबांनी माझ्याकडे पाह्यलं. मंग यायच्याकडे पाह्यलं. पन्नाशीले आलेली बाई नवऱ्याच्या घरात मेसेज लपवते, असा विचार त्यायच्या मनात आला असन, तं त्यायचं काय चुकलं? हे म्हणाले, माझ्याकडे पाहू नका साहेब, माझ्या फोनात बटनंच आहेत.

आता उघडाचं होतं. दोन बोटं वर सरकवली. चार आकडे मागतले. अन् मी आकडे विसरली! माझा वाढदिवस टाकला, चूक. लग्नाची तारीख टाकली, चूक. नोकरीले लागली ते साल टाकलं, तेही चूक. फोन म्हणाला, पाच मिनिटांनी प्रयत्न करा.

पाच मिनिटं किती लांब असतात, हे मले त्या दिवशी कळलं. दादा खिडकीबाहेर पाहून राहिला होता. इंगळेसाहेबांनी थोडा वेळ वाट पाह्यली अन् माझ्या पुढ्यातली भाजी ओढून निवडाले लागले. चांगली निवडत होते, काड्या येऊ देत नव्हते.

मंग हे शांतपणे म्हणाले, "प्राचीचा वाढदिवस टाक. तुझं सारं त्याच आकड्यावर चालते. कपाटाचं कुलूपही."

टाकला. उघडलं. दादानं ते पाह्यलं अन् मटकन खाली बसला.

अन् फोन वाजाले लागला. अठरा दिवसांचे टिंग एकदम, कढईत लाह्या फुटाव्या तसे. पयले हिरव्या साडीचा मेसेज आला. म्हणजे तेही खरं होतं. मंग दादाचे, बोलून पाठवलेले. माझं बोट लागलं अन् दादाचा आवाज खोलीभर मोठ्यानं सुरू झाला.

"बोंडे, पोराचा फोटो टाकला. पाहून सांगजो. तुले पसंत असन तंच पुढं जातो."

मले तो बंद करता येईना. एक संपला का दुसरा आपोआप सुरू. बोंडे, कामात असशीन, फुरसतीनं सांग. बोंडे, दोन दिवस झाले वं. शेवटचा होता तो, "बोंडे, रागावली का? पोरगी तुझी बी आहे. तू नाही म्हणशीन तं आजच मोडतो. पण भाकर खात जा."

खाली प्राचीचा लिहिलेला मेसेज होता. मले पाण्यानं दिसेना, म्हणून इंगळेसाहेबांनी हातात घेऊन वाचला. 'आत्या, तू ओटी भराले नाही आली तं मी उठून जाईन. मंग बाबा काही म्हणोत.' वाचून त्यायनं फोन मले परत देला.

मी म्हटलं, दादा, माझं चुकलं. तू पाह्यलेला पोरगा मले न पाहता पसंत आहे. दादानं डोळे पुसले, नाक पुसलं, अन् म्हणाला, "बोंडे, भाकर खाल्ली का?"

नव्हती खाल्ली. मंग चौघंही जेवलो, ज्वारीची भाकर अन् इंगळेसाहेबांनी निवडलेली भाजी. जेवता जेवता त्यायनं विचारलं, का ताई, ॲप लपवलं कायले? सांगावं लागलं. स्टाफरूम, पीटीचे सर, सहावी 'ब', सारं. माणूस हसला नाही. नुसती मान हलवली. जाताना दारात चप्पल घालत म्हणाले, "येतो बोंडीताई."

तिथंच मले समजायले पाहिजे होतं.

साक्षगंध त्याच महिन्यात झालं. अकोट-अंजनगाव करत एसटीनं मी आदल्या दिवशीच अचलपूरले पोचली. मी ओटी भरली, प्राची माझ्या गळ्यात पडली. पोरगा खरंच चांगला आहे, थोडा काळा आहे. पण पोराकडचं लहानमोठं जो तो मले बोंडी आत्या म्हणून राहिला होता. माईकवरून पुकारलं, मुलीच्या आत्या बोंडीताई यायनं समोर यावं. अन् तिसऱ्या रांगेत फोन वर धरून कोण उभं होतं? तायडे मॅडम. सासरच्या नात्यानं आल्या होत्या.

परवा लग्नाची पत्रिका छापून आली. आत्याच्या जागी माझं पूर्ण नाव, अन् पुढं कंसात 'बोंडी'. इंगळेसाहेबांनी मुद्दाम टाकाले लावलं. म्हणे, नाहीतर आमच्याकडच्यायले कळणार नाही कोण ते.

ती पत्रिका तायडे मॅडमनं स्टाफच्या ग्रुपवर टाकली. या वेळी टिंग बरोबर ऐकू आलं मले. आता ते ॲप स्क्रीनवर एकटंच आहे, बाकी सारे लपवले. मी म्हटलं, कोणी काही म्हणण्याच्या आत कामाचं बोलून टाकावं. खाली लिहिलं, लग्नासाठी चार दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.

दोन मिनिटांत हेडमास्तरांचा जवाब आला, साऱ्या स्टाफसमोर. 'बोंडी मॅडमची रजा मंजूर.'