पुढच्यास ठेच

माझ्या नणंदेला सगळे घाईताई म्हणायचे. गाडी यायच्या कितीतरी आधी ही बाई फलाटावर, वर आमच्यावरच खेकसणार. इस्पितळात नव्या औषधांच्या चाचण्या चालत, तिथे पेशंटांची नावं घ्यायचं काम तिच्याकडे. ह्यांची फुप्फुसं बिघडली, नेमकी त्याच आजाराची चाचणी निघाली, आणि तिने भावाला सगळ्यांच्या आधी नेऊन बसवलं.

"वहिनी, पहिला नंबर लावला दादाचा!"

हे म्हणाले, "शाळेत कधी आला नाही तो."

औषधं दोन, एक जुनं, एक नवं. कोणाला कोणतं, ते कॉम्प्युटर ठरवणार, आणि कळू कोणालाच देणार नाही. सुरुवातीला नुसता छापा-काटा. मग ज्या औषधाने माणसं सावरताना दिसतील, तिकडे नंतर येणाऱ्यांना जास्त पाठवायचं. म्हणजे मागून येणाऱ्याचं नशीब बरं. ताईला हे तोंडपाठ होतं हो, रोज पेशंटांना तीच समजावायची! पण स्वतःच्या भावाच्या वेळी तिला फक्त रांग दिसली.

ह्यांच्या वाट्याला जुनं आलं, हे मागाहून कळलं. चार घास जाईनात, मग बोलताना धाप, मग बोलणंच नाही. माझा माणूस गेला, तेव्हा कुठे त्या कॉम्प्युटरच्या डबड्याला अक्कल आली. मागून आलेले बरेचसे घरी चालत गेले.

सगळं उघड झाल्यावर मोठे डॉक्टर म्हणाले, "त्यांच्यामुळे कितीतरी जण वाचले."

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "पण ठेच लागली तो माझा होता, डॉक्टर."

ताईशी मी बोलणंच टाकलं. तिनेही कधी आपली बाजू मांडली नाही. वाळून काडी झाली. शेवटी मलाच राहवेना, डबा घेऊन तिच्या टेबलापाशी गेले. नवी चाचणी त्याच दिवशी सुरू होत होती. एक बाई धापा टाकणाऱ्या नवऱ्याला धरून आत आली.

"आम्हीच पहिले ना, ताई? पहाटेच निघालो."

ताईचं पेन हातातच राहिलं. "घाई नाही हो," ती म्हणाली. "घरी जा, विचार करा, मग या."

"नको, नको. आत्ताच लिहा."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, काय सांगू गं हिला?"

कोणीतरी पहिलं लागतंच ना. मी डबा टेबलावर ठेवला आणि त्या बाईजवळ जाऊन बसले.