ओढ्याकाठची नऊ घरं

तीस वर्षं दारोदार पाण्याचे मीटर वाचून मीटरमावशी निवृत्त झाल्या, आणि आठवड्याभरात घरात बसून कंटाळल्या. त्यांच्या भाचीची ओढा वाचवणारी छोटीशी संस्था होती, सायकल दुकानावरच्या खोलीत. मावशी तिथे जाऊन बसू लागल्या.

संस्थेतली पाचही माणसं मनापासून राबायची. दर रविवारी ओढा साफ करायची, फलक लावायची. बुधवारपर्यंत ओढा पुन्हा पहिल्यासारखा!

"हे फलक कुणासाठी गं?" मावशींनी विचारलं.

"लोकांसाठी."

"कुठल्या लोकांसाठी? घर दाखव."



दुसऱ्या दिवशी मावशींनी जुनी पिशवी खांद्याला अडकवली. काठावरची बासष्ट घरं त्यांनी पंधरा दिवसांत पालथी घातली. दारं पटापट उघडली, कारण मावशींचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. कळलं असं, की कचरा टाकणारी घरं फक्त नऊ. तिथली सगळी माणसं पहाटेच कारखान्यात जायची आणि कचरागाडी यायची नऊला.

"आम्हाला काय हौस आहे का, मावशी? घरात कुजत ठेवायचा का कचरा?" एक बाई म्हणाली.

मावशींनी तडक गाडीवाल्याला गाठलं. "ओढ्याकाठच्या त्या नऊ घरांकडे संध्याकाळी येशील का रे बाबा?"

"येईन की! आजवर कुणी विचारलंच नाही."

त्याच्या साहेबांची सही मिळवायला मात्र भाचीने अकरा खेपा घातल्या. गाडी सुरू झाल्यावरही मावशी दर शनिवारी त्या नऊ घरी जायच्या. कुठे अडलंय का विचारायच्या, गप्पा मारायच्या.

आठव्या महिन्यात एका सकाळी काठावरचे निवृत्त मास्तर तणतणत खोलीत आले.

"तुमच्याविरुद्ध तक्रार आहे! ओढ्यात बेडूक झालेत. डोळ्याला डोळा लागत नाही!"

 भाचीने आनंदाने किंकाळीच फोडली आणि मावशींना गच्च मिठी मारली. मावशी हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मास्तर गोंधळले.

"घाणीमुळे वीस वर्षांत इथे बेडूक नव्हता हो, मास्तर!" भाची म्हणाली. " लेखी द्या ना तक्रार. किती आहेत, कसे ओरडतात, सगळं लिहा."

मास्तर पडले शिस्तीचे. चार दिवसांनी ते सात पानं घेऊन आले, तारीखवार. आवाज तीन प्रकारचे आहेत, हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला, की तक्रारीचा विषय त्यांनी पुन्हा काढलाच नाही.

"पुढच्या आठवड्याचं कोण लिहिणार?" त्यांनीच विचारलं, आणि खुर्ची ओढून बसले.