कापापर्यंतच

आमच्या गावच्या डॉक्टरांना एका आडत्याने फसवले, की डॉक्टरांनी जाणूनबुजून एका माणसाच्या मरणावर खोटा दाखला लिहिला? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहीत आहे. गाव आज म्हणते, ते फसले. मी जे पाहिले ते क्रमाने मांडतो. निर्णय वाचकांनी करावा.

डॉक्टरांना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्यांचा उजवा तळहात आठवत असेल. रोग्याच्या छातीला लावण्यापूर्वी ते छाती तपासण्याची नळी त्या तळहातावर धरून उबवीत. थंडीत तर तोंडाची वाफही देत. मग म्हणत, "घाबरू नको. गार लागणार नाही." निजामी अमलातल्या आमच्या त्या गावात गरिबाच्या अंगाला काय गार लागते याची चिंता करणारा दुसरा माणूस मला ठाऊक नव्हता.

दुसरी सवय बाटलीची. त्या काळी पातळ औषध बाटलीत मिळे आणि बाटलीवर कागदाची पट्टी डकवलेली असे. पट्टीच्या कडेला कात्रीने काप दिलेले असत. दोन कापांमधले औषध म्हणजे एक डोस. इतर ठिकाणी हे काम कंपाउंडर करी. आमचे डॉक्टर स्वतः करीत. सहा डोस असतील तर सहा, आठ असतील तर आठ, सारखे मोजून. बाटली हाती देताना ते अंगठ्याचे नख पहिल्या कापावर टेकवीत आणि बजावीत, "कापापर्यंतच! थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही."

बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बायाही एकमेकींना चिडवीत, "बोलावं बी कापापर्यंतच, गं!"

पट्ट्यांसाठी त्यांना कागद लागे. मी सरकारी मदरशात, म्हणजे गावच्या शाळेत, गणित शिकवीत असे. तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माझ्याकडे पडून असत. ते मी डॉक्टरांना देऊ लागलो. ते हसून म्हणत, "मास्तर, तुमच्या पोरांच्या चुकांवर माझा दवाखाना चालतो." शुक्रवारी मदरशाला सुट्टी असे. त्या दिवशी ते माझ्या ओसरीवर येऊन बसत, मुलांना पाणी उकळून पिण्याविषयी सांगत. माझी मुलगी हिवतापाने पडली तेव्हा सलग नऊ दिवस ते सायकलीवरून घरी आले. फी विचारली तेव्हा म्हणाले, "गठ्ठे देता, तेवढे पुरे."

मी त्यांना फार मानत होतो. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे जे सांगायचे आहे ते शत्रूने सांगितलेले नाही.

मदरशाचे पाणी सटवा भरीत असे. हंगामात तो आडत्याकडे कापसाची ओझी वाही. उंच, रुंद खांद्यांचा आणि बोलताना उगीच लाजणारा माणूस. त्या दिवाळीत तो एकदा घागरी उतरवून माझ्यासमोर छाती काढून उभा राहिला.

"गुरुजी, डागदरसायबांनी फीत लावून छाती मोजली माझी. म्हनले, लय मजबूत हाय. कागुदावर बी लिवून घेतलं."

"कशासाठी रे?"

"आमच्या शेटला म्हाईत. अंगठा लाव म्हनले, लावला. पैलवानाला मोजत्यात तसं मोजलं बघा!"

तो आयुष्याचा विमा होता. कागदावर सटवा त्या आडत्याचा सख्खा चुलतभाऊ होता, आणि त्याच्यामागे पैसे त्या भावास मिळायचे होते. शेटच्या वाड्याच्या उंबऱ्याआत ज्याने कधी पाऊल ठेवले नव्हते, तो अंगठ्याच्या एका ठशाने शेटचा भाऊ झाला. हे सारे आम्हांला फार उशिरा कळले.

संक्रांत झाल्यावर सहामाही परीक्षा झाली. तीत मी एक गणित घातले: रांजण सतरा घागरींचा आहे, पाणक्या एका खेपेस दोन घागरी आणतो, तर रांजण भरण्यास किती खेपा कराव्या लागतील? एका मुलाने उत्तर लिहिले, साडेआठ खेपा. त्याच्याखाली मी तांबड्या शाईने शेरा मारला: "रीत बरोबर, उत्तर चूक." ही गोष्ट मी सटवाला सांगितली. गणितात आपण आलो याचाच त्याला आनंद झाला.

"पर गुरुजी, अर्धी खेप कशी करावी म्हनतो ह्यो? अर्ध्या वाटंवर घागर घिऊन उभं ऱ्हावं का मानसानं?"

आम्ही दोघे हसलो. त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी त्या परीक्षेचा गठ्ठा मी सटवाच्याच डोक्यावर देऊन दवाखान्यात पाठवला. परत आल्यावर तो म्हणाला, "डागदरसायब ताकदीची दवा देतो म्हनले. फुकट." मी म्हणालो, "घे की. भला माणूस आहे."

हे माझे शब्द आहेत. ते मला गाळता येत नाहीत.

सटवाची बायको गयाबाई तेव्हा भाच्याच्या बारशाला ताडकळसला माहेरी गेली होती. आठवड्याच्या आत सटवा मेला. डॉक्टरांनी दाखला दिला: हैजा, म्हणजे पटकी. हैज्याचे प्रेत ठेवीत नाहीत. आडत्याच्या माणसांनी दुपारच्या आत ते जाळले. सटवाचे कपडे आणि घोंगडी जाळली, घरात चुना फासला. पोलीस पाटलाने आपल्या मृत्यूंच्या वहीत डॉक्टरांच्या दाखल्यावरून तोच शब्द उतरवून घेतला. त्या थंडीत गावात हैज्याचा दुसरा एकही रोगी नव्हता, हे कोणी बोलले नाही. मीही नाही.

गयाबाई आली तेव्हा तिला कुंकू पुसण्याइतकीही उसंत कोणी दिली नाही. शेजारणींनी दारे लावली. नवऱ्याच्या जागी मदरशाचे पाणी मी भरते, असे ती म्हणाली. मुख्याध्यापकांनी नाही सांगितले. हैज्याच्या घरचे पाणी मुलांना कसे पाजावे? तो नकार तिला कळवण्याचे काम माझ्याकडे आले.

ती ओसरीखाली उभी होती. तिने ऐकून घेतले आणि पदराखालून एक बाटली काढली.

"देवळीत देवामागं हुती, गुरुजी. देवाला कुनी हात लावला न्हाई, म्हनून ऱ्हायली. ह्ये बघा. कापापर्यंत पिऊन ठिवलंय त्यांनी. सांगितल्यापरमानं."

मी बाटली उजेडात धरली. पट्टीला काप एकच होता, मधोमध. वरची अर्धी बाटली रिकामी होती. आठ-दहा दिवस घ्यायची ताकदीची दवा दोन डोसांची असते, हे मी कधी ऐकले नव्हते. बाटली फिरवून काचेतून पट्टीची मागली बाजू पाहिली. तिथे मुलाच्या अक्षरात "साडेआठ खे" एवढे होते आणि त्याखाली तांबड्या शाईत माझे अक्षर: "रीत बरो". पुढचे कात्रीने गेले होते.

माझ्याच हाताचा कागद त्या बाटलीला डकवलेला होता.

त्या दिवशी मला शंका आली, खात्री नाही. बाटली गयाबाईने माझ्यापाशीच ठेवली. उन्हाळ्यात विमा कंपनीचा तपासनीस आला. त्याने चावडीवर विचारले, "सटवा हा शेटचा कोण?" माणसे हसली, आणि त्या हसण्यानेच नाते खोटे ठरले. आडत्याला पकडले. खटला परभणीस चालला. डॉक्टरांची साक्ष झाली. ती ऐकायला मी गेलो होतो. त्यांनी शपथेवर सांगितले की दिवाळीत विम्यासाठी तपासल्यानंतर सटवाला त्यांनी पुन्हा पाहिले ते थेट शेवटच्या घटकेस. मधल्या काळात त्याला कोणतेही औषध दिले नाही. लक्षणे हैज्याची होती. नात्याविषयी शेटने सांगितले ते त्यांनी खरे मानले.

दाखला उभा राहिला, म्हणून खून उभा राहिला नाही. आडत्यास खोट्या नात्याबद्दल तीन वर्षांची सजा झाली. सटवाला कोणी मारले हा प्रश्न कोर्टात विचारलाच गेला नाही, कारण कागदाप्रमाणे त्याला हैज्याने मारले होते. डॉक्टर बाहेर आले तेव्हा लोकांनी त्यांना नमस्कार केले.

वाचकांनी इथे एक गोष्ट ताडून घ्यावी. परीक्षा संक्रांतीनंतरची. पट्टी त्या परीक्षेच्या कागदाची. म्हणजे बाटली दिवाळीनंतर भरली गेली. मग औषध दिलेच नाही असे डॉक्टर शपथेवर का म्हणाले?

खटल्यानंतर मी बाटली घेऊन अमीनसाहेबांकडे, म्हणजे आमच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याकडे गेलो. आतले औषध तपासणीसाठी हैदराबादेस पाठवावे, अशी विनंती केली. त्यांनी बाटलीला हातही लावला नाही. "मास्तर, डॉक्टरसाब शरीफ आदमी हैं. तुमे सरकारी मुलाजिम हो. बोतल लेको घर जाओ."

मी घरी गेलो नाही; दवाखान्यात गेलो. ही एवढीच गोष्ट माझ्या बाजूने सांगता येईल.

डॉक्टरांनी बाटली पाहिली, चष्मा पुसला. "गावात कोणाची बाटली कोणाकडे जाते, मास्तर. शंभर बाटल्या मी भरतो."

"एका कापाची किती भरता?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मी पुन्हा विचारले, "डॉक्टरसाहेब, आडत्याने तुमच्या मागे त्यात काही घातले असेल, तर तसे सांगा. पण मग औषध दिलेच नाही, असे का सांगितलेत?"

त्यांनी टेबलावरची नळी उचलली आणि सवयीने उजव्या तळहातावर धरली. समोर रोगी कोणी नव्हता. मग त्यांनी विचारले, "मुलगी कशी आहे तुमची? ताप पुन्हा आला नाही ना?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला समजला आणि मी उठून आलो. आज इतक्या वर्षांनी माझा संताप त्या एका वाक्यावर सर्वांत अधिक आहे. माझ्या मुलीचे नऊ दिवस त्यांनी सटवाच्या एका दिवसासमोर ठेवले, आणि मी ते ठेवू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून माझा उरलेला गठ्ठा परत आला, सुतळीने नीट बांधून. निरोप नव्हता. त्यानंतर त्यांनी पट्ट्या वर्तमानपत्राच्या कापल्या. गठ्ठा मी मोजला. डॉक्टर काटेकोर होते. एका पट्टीपुरते कापलेले कागदही त्यांनी टाकले नव्हते. त्यांतल्या एका कागदात बोटभर रुंदीची उभी फट होती. फटीच्या डाव्या बाजूला मुलाचे अर्धे गणित होते, उजव्या बाजूला तांबड्या शाईत "बर, उत्तर चूक."

पुढे रझाकारांचा धुमाकूळ झाला, पोलीस ॲक्शन झाली, ठाण्यातले दप्तर कोणी जाळले ते कळले नाही. डॉक्टर मुंबई इलाख्यात निघून गेले. तिथे त्यांचे चांगले नाव झाले असे ऐकतो. गेल्या वर्षी ते वारले. आता आमच्या नव्या दवाखान्यावर त्यांच्या नावाची पाटी बसवायची ठरले आहे आणि तिच्यासाठी दोन ओळींचा मजकूर लिहून द्यावा, म्हणून मंडळी माझ्याकडे आली होती. एक जण म्हणाला, "गुरुजी, देवमाणूस होता. फसला बिचारा. नळी गरम करून लावायचा, ते तेवढं येऊ द्या त्यात."

ते खरे आहे. नळी ते गरम करीत. दिवाळीत सटवाच्या छातीलाही त्यांनी ती गरम करूनच लावली असेल. मजबूत छाती आहे असे लिहिताना ती किती दिवस चालू राहणार हे त्या हाताला तेव्हा ठाऊक होते काय, ते मला सांगता येत नाही. संक्रांतीनंतर काप देताना ठाऊक होते, असे मी मानतो. ते काटेकोर नसते तर त्यांनी पट्टी लावलीच नसती. विषालाही ज्याने माप दिले, त्याला निष्काळजी म्हणू नका.

मंडळी गेल्यावर गयाबाई आली. आता ती फार वाकली आहे. तिने त्या वर्षापासून गावात कधी कोणाचे पाणी भरले नाही. दूरच्या शेतांवर निंदणी-खुरपणी करून जगली. ती म्हणाली, "पाटी लावायलेत म्हनं. लावू द्या. म्या आडवी येत न्हाई. मला पाटी नगं. त्या वहीतला हैजा तेवढा खोडा, गुरुजी. माझ्या हातचं पानी वाईट नव्हतं."

मी पाटीचा मजकूर लिहून दिलेला नाही. त्याऐवजी हे लिहिले आहे.

बाटलीतले औषध कधीच वाळून गेले. काचेला आतून एक पांढरी रेघ राहिली आहे, बरोबर कापाशी, थेंब वर नाही, थेंब खाली नाही. ती रेघ कशाची, हे मी सांगणार नाही. मी गणिताचा शिक्षक आहे, रसायनाचा नव्हे. पण आज ती तपासता येते. बाटली, फट पडलेला तो कागद आणि त्या सहामाहीची प्रश्नपत्रिका अशा तिन्ही वस्तू माझ्या घरी खिडकीतल्या फळीवर आहेत. पाटलाची वही तहसिलीत आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. पाटी बसवण्यापूर्वी या, बाटली उजेडात धरा, तिच्यावरची पट्टी कागदाच्या फटीला लावून पाहा आणि स्वतः पडताळा.