तर्जनीचा जप

काशीत मरण येणं हे भाग्याचं, असं लग्न होऊन तिथल्या दूधविनायक मोहल्ल्यात आले तेव्हापासून मी ऐकत होते आणि मानतही होते. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात मात्र त्या भाग्याशीच मला भांडावं लागलं.

सासूबाईंची स्मृती हळूहळू विरत चालली होती. तिन्हीसांजा झाल्या की त्या दाराची कडी वाजवत, मला माझ्या घरी पोचवा म्हणून ओरडत. शेजारी समजूतदार, पण समजूतदारपणालाही हद्द असते. जवळच्या एका डॉक्टरांनी डोकं शांत ठेवायची गोळी दिली आणि आई खरंच शांत झाल्या. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्या फारच शांत झाल्या. पाऊल उचलेना, मान ताठली, चेहरा कोरा पडला, घास तोंडात तसाच राहू लागला. हलत होता तो फक्त मांडीवरचा उजवा हात. त्याचा अंगठा बोटावर सारखा फिरत असे.

माझे मोठे दीर दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंची धर्मकृत्यं करत. त्यांना त्या हातात जप दिसला. "आईला काशीलाभ होतोय," भाऊजी मला म्हणाले. "आता दवाखान्यात नेऊन तिला परेशान करू नकोस." बघता बघता गल्लीतल्या बायका नमस्काराला येऊ लागल्या. कुणी भक्तीनं गंगाजळ पाजी, ते घशात अडके आणि आई ठसकून काळ्यानिळ्या पडत. माझा जीव कासावीस होई. मी विश्वनाथाला सरळ विचारलं, बाबा रे, न्यायचं तर ने, पण पाण्याचा घोटही उतरू न देता हा कसला मोक्ष? उत्तर आलं नाही. सगळं घर एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या. उलट आपणच पाप करतोय की काय, अशी धास्ती वाटायची.

त्याच सुमारास नागपूरकडचं एक वयस्क जोडपं तीर्थश्राद्धासाठी आमच्याकडे उतरलं. त्यातल्या बाई आईंना नमस्कार करून त्यांच्याजवळच आपली माळ घेऊन बसल्या. बराच वेळ त्या आईंच्या हाताकडे पाहत होत्या. मग संकोचत मला म्हणाल्या, "तुमच्यात जपाला तर्जनी चालते का हो?"

मी आईंचा हात जवळून पाहिला. माळ मधल्या बोटावर ओढायची, तर्जनी लावायची नाही, हे आईंनीच मला नव्या नवरीला बोटावर टिचकी मारून शिकवलेलं. पुढे त्या मुलांची नावं विसरल्या, पण माळ हाती दिली की तर्जनी आपोआप बाजूला राही. आणि आता अंगठा नेमका तर्जनीवरच घासत होता. हा जप नव्हता. आणि घरात नवं आलं होतं ते फक्त ते औषध.

मी पदर खोचला. "भाऊजी, हा जप नाही, अंगठा तर्जनीवर फिरतोय. मी आईंना घेऊन निघालेय, अडवायचं तर दारात आडवे व्हा," म्हणाले. ते आईंच्या बोटांकडे पाहत राहिले. मग त्यांनी खुर्ची आणली, आईंना तीत बसवलं आणि माझ्या यजमानांबरोबर ती उचलून रिक्षा मिळते त्या सडकेपर्यंत नेली.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी पाहिली, आईंचा कोपर वाकवून पाहिला. म्हाताऱ्या, आधीच थकलेल्या मेंदूला हे औषध असं जखडू शकतं, गिळणंही अवघड करतं. अशा माणसांना ते द्यावंच लागलं तर जपून आणि डोळ्यांत तेल घालून द्यावं, असं त्यांनी समजावलं. मनानं बंद न करता दाखवायला आणलंत हे बरं केलंत, म्हणाले. आईंना ठेवून घेऊन त्यांच्या देखरेखीत ते औषध थांबवलं.

आम्ही घरी परतलो तोवर ते जोडपं गयेला निघून गेलं होतं. त्या बाईंचं नावही विचारायचं राहिलं. त्यांच्या तोंडून कोण बोललं, यावर मी वाद घालणार नाही. मी माझ्यापुरतं जाणते. देवावर भार टाकायचा तो डोळे उघडे ठेवून, एवढं त्या दिवसापासून मनात पक्कं बसलं आहे. आईंचं विसरणं काही थांबलं नाही. तेही त्याच्याच पायाशी ठेवलं आणि जमेल तेवढं करत राहिले.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी त्यांना मऊ वरणभात भरवत होते. त्यांनी घास घोळवला, गिळला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"अळणी आहे," आई म्हणाल्या.

मी मीठ आणायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघरातच विश्वनाथाला साष्टांग दंडवत घातला.