चौकोनातला तीळ

एकतीस वर्षं मी हैदराबादेत काचीगुड्याच्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी तुरुंगात जाऊन तेच करू लागले. घरच्यांनी कपाळाला हात लावला. नवरा म्हणाला, "शाळेतली पोरं सुटली एकदाची, आता कैद्यांची पाळी." त्याचं काही चुकत नव्हतं. माझी जीभ तिखट आहे. वेडीवाकडी रेघ दिसली की ती आपोआप चालू होते, समोर कोण बसलंय ते बघत नाही.

वर्गात दहा-बारा जण यायचे. जन्मठेप झालेले, मिशा पांढऱ्या झालेले गडी, पण कागद हातात दिला की दोन डोंगर, मधून उगवता सूर्य आणि बाजूला नारळाचं झाड. मला हसूही यायचं आणि रागही. वर्गात बसला की तो माझा विद्यार्थी, त्यामुळे सगळ्यांना अरे-तुरे. कोणी वाईट वाटून घेतलं नाही.

त्यांच्यात एकच माणूस डोंगर काढत नसे. त्याला सगळे पेंटर म्हणत. पंचेचाळिशीचा, हडकुळा. घराणं मराठवाड्यातलं, पण जन्म हैदराबादचा. आत येण्याआधी अफझलगंजमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पुढे छापील फ्लेक्स आले, काम गेलं आणि बाटली आली. मराठी बोलणारी बाई मिळाली म्हणून तो माझ्यावर खूश होता, आणि त्याचा हात इतका सफाईदार होता की मीही त्याच्यावर. अर्थात तोंडावर मी तसं कधी म्हटलं नाही.

तो फक्त फौजी टोपीतली तरुण पोरं काढायचा. गाल असे लाल की टोमॅटो बरे.

"हे कोण?" मी विचारलं. "सिनेमातले हिरो?"

"नाही बाई, जवान हाईत. शहीद झालेले."

तुरुंगाच्या वाचनालयात झाडलोट त्याच्याकडे होती. जुन्या पेपरांतून जवानांचे फोटो कापून घ्यायची परवानगी त्याने काढली होती, आणि ते सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत इस्त्री केल्यासारखे सपाट ठेवले होते.

"पेपर एक दिवस फोटो छापतो, बाई. दुसऱ्या दिवशी त्याच पेपरात मिरची भजे बांधून देतात. मी खाल्लेत तसे. तेलात भिजलेला जवान बघितलाय मी."

"हे पंधरा ऑगस्टच्या भाषणातलं उत्तर झालं," मी म्हणाले. "खरं काय ते सांग."

तो हसला आणि खाली मान घालून गाल रंगवू लागला. खरं त्याने दोन गुरुवार गेल्यावर सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, ब्रश धुता धुता.

"माझ्या हातून एक माणूस गेला, बाई. दारूत भांडण झालं, मी ढकललं, त्याचं डोकं पायरीवर आपटलं. कोर्टात दर तारखेला त्याची आई यायची. मला एक शिवी दिली नाही तिनं. पिशवीतून त्याचा फोटो काढायची, एवढासा, पदरानं पुसायची, परत ठेवायची. मला वाटायचं, हा फोटो मोठा करून द्यावा. मला दुसरं येतंय काय? पण कोणत्या तोंडानं देऊ?"

पाण्यात लाल रंग फिरत होता.

"मी एका आईचा पोरगा उगाच घेतला. हे दुसऱ्यांसाठी गेले. ह्यांच्या आयांना तरी काही देता आलं तर बघावं. पण माझ्या हातचं एक तरी आई घेईल का, बाई?"

त्या पिशवीत मलकपेठचा एक जवान होता. मराठी घरातला. त्याचं चित्र पेंटरने कधीच काढलं नव्हतं, भीत होता. मी म्हणाले, "काढ. मी नेऊन देते." वरच्या साहेबांकडे अर्ज केला, त्यांनी सही दिली. अफझलगंजला जाऊन चांगली प्लायची फळी मीच निवडून आणली.

पाट्या रंगवणाऱ्यांची एक रीत असते. छोट्या फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकोन आखायचे, फळीवर तितकेच मोठे चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन उचलून तिकडे ठेवायचा. पेंटर तर फोटो आणि फळी दोन्ही उलटी ठेवून काम करायचा. "चौकोनात जे हाय ते फळीवर. आपलं डोकं मधी घालायचं नाही, नाहीतर नाक आपल्या मामाचं येतं," तो सांगायचा. मला ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. आधी माणूस बघा, मग रेघ काढा, असं मी जन्मभर घसा फोडून सांगितलेलं. पण पाच आठवड्यांनी फळी सुलटी झाली आणि माझं तोंड बंद झालं. पोरगा आता बोलेल असा. गालही माणसाचे. डाव्या गालावर एक छोटा काळा तीळ, तोसुद्धा नेमका. मी न राहवून म्हणाले, "तीळ काय सुरेख उतरलाय रे!"

हार मात्र त्याने काढला नाही. "हार घालायचा तर ते घालतील. मी जिता काढलाय." मग फळी चादरीत गुंडाळताना म्हणाला, "बाई, कुणी काढलं ते सांगूनच द्या. लपवून दिलं तर ते देणं नव्हं, चोरी हाय."

मी रिक्षात फळी मांडीवर धरून मलकपेठला गेले. रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत घर. आई साधारण माझ्याच वयाची, दारात अंबाडीची पानं निवडत बसलेली. मी कोण, कुठून आले, हे सांगितलं. मग माझी जीभ, जी कधी अडत नाही, ती अडली. तरी सांगितलं. चित्र काढणारा कैदी आहे. माणूस मारल्याबद्दल आत आहे. मारलेल्या माणसाची आई कोर्टात फोटो घेऊन यायची, तेही सांगितलं.

ती बराच वेळ पानं निवडत राहिली. मला वाटलं, आता उठवणार आपल्याला. मग तिने हात पदराला पुसले.

"उघडा तर."

मी चादर काढली. ती बघत राहिली. कपाळ, डोळे, टोपी. तिची बोटं हवेतच त्या चेहऱ्यावरून फिरली. मग भुवया जवळ आल्या.

"हा तीळ कुणाचा?"

"म्हणजे?"

"माझ्या लेकाला गालावर तीळ नव्हता, बाई. मी धुतलेलं तोंड हाय ते."

पत्ता शोधायला सोबत घेतलेलं कात्रण मी पर्समधून काढलं, दारातल्या उजेडात धरलं, चष्मा वर केला, खाली केला. तीळ कसला, छपाईच्या शाईचा ठिपका! चौकोनात ठिपका होता, पेंटरने इमानदारीने मोठा करून फळीवर ठेवला होता. आणि पोरांना "बघा, बघायला शिका" म्हणून एकतीस वर्षं धारेवर धरणाऱ्या मी त्याचं कौतुक केलं होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"द्या इकडे," मी फळीला हात घातला, "आठ दिवसांत तीळ पुसून आणते."

तिने फळी चटकन स्वतःकडे ओढली.

"नक्को! राहू द्या."

ती हसत होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि हसत होती.

"लहानपणी रोज तीट लावायची मी त्याला. ह्याच गालाला. नोकरीवर निघाला तेव्हा काचीगुडा स्टेशनात काजळाचं बोट पुढं केलं, तर दोस्तांसमोर लाजला. 'आई, नक्को ना' म्हणून तोंड फिरवलं. गाडी गेली. माझं बोट तसंच काळं." तिने तीळ अंगठ्याने हळूच दाबला. "तेवढी एकच तीट राहिली होती बघा. ती ह्यानं लावली."

मग काय विचारता! तिने शेजारणींना हाका मारल्या, थोरल्या लेकाच्या बायकोला चहा ठेवायला सांगितला, फळी खुर्चीवर बसवली, आणि जी येईल तिला आधी तीळ दाखवला. मला अंबाडीची भाजी आणि भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. अंबाडी मला आवडत नाही. दोनदा वाढून घेतली. इतका आनंद मला नातू झाला तेव्हा झाला होता, त्यानंतर आत्ताच.

निघताना तिने विचारलं, "चित्र काढणाऱ्याची आई हाय का?"

"नाही. खटला चालू असतानाच गेली."

ती आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली. पितळेची, झाकण घट्ट बसलेली. "त्याला लावा. हातात एवढी कला हाय, नजर लागंल."

पुढच्या गुरुवारी तुरुंगाच्या फाटकावर त्या डबीने गोंधळ केला. पहारेकऱ्याने उघडली, वास घेतला, बोट घातलं, साहेबांना बोलावलं. "ये क्या है, मॅडम?" मी म्हणाले, "तीट आहे. तुम्हाला लावू?" साहेब हसले, आणि मी डबीसकट आत गेले.

पेंटर वर्गाच्या दारात उभा होता. रात्रभर झोपला नसावा. मी आधी तिळाचं सांगितलं, कारण मी थोडी दुष्ट आहे. त्याचा चेहरा पडला. "चौकोनात होता, बाई! आईशपथ!" मग मी उरलेलं सगळं सांगितलं, बोट काळं राहिल्यापासून भाजी-भाकरीपर्यंत.

"घेतलं?" एवढंच तो म्हणाला. "तिनं घेतलं?"

"खुर्चीवर बसवलंसुद्धा. आता खाली बस."

तो सतरंजीवर बसला. मी डबी उघडली, अनामिका काजळात बुडवली आणि पाहिलं तर दोन्ही गाल ओलेगच्च. बाकीचे दहा जण डोंगर-सूर्य सोडून बघत होते.

"अरे, पेंटर ना तू?" मी ओरडले. "ओल्यावर रंग धरतो का कधी?"

सगळा वर्ग हसला, तोही हसला. मग त्याने बाहीने तोंड कोरडं केलं आणि डावा गाल पुढे केला.