चिखलासाठी एक डझन अंडी

एलादिओ पेस्केराने अठरा वर्षांच्या कारकिर्दीत पाच गोल केले. त्यांतले दोन आपल्या संघासाठी. उरलेल्या तिन्हींविषयी तो बोलत नसे, आणि तोरेमोंतेत सभ्य माणसांची संख्या बरी असल्याने दिवसातून एकदोनदाच कोणी विचारी.

तो बचावपटू होता. म्हणजे समोरचा माणूस जे काही चांगलं करायला निघालेला असतो, ते होऊ न देणं हा त्याचा व्यवसाय. बाप खाटीक, आजा खाटीक. एलादिओ अठराव्या वर्षी फुटबॉलमध्ये गेला तेव्हा पोरगा घरच्याच धंद्यात राहिला असं गावात म्हणत. एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या क्लबाने त्याला उचललं. तिथे तो सर्वोच्च साखळीत सात सामने खेळला. सातव्यात त्याच्यावर एका परदेशी आघाडीवीराला सांभाळायची कामगिरी होती. त्या गृहस्थाने तीन गोल केले आणि जाताना एलादिओचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले. त्याच वर्षी मुलांच्या स्टिकरांच्या अल्बममध्ये एलादिओचं चित्र आलं. प्रत्येक पोराकडे ते पाच-पाच निघे. अदलाबदलीत दुसरं काही द्यायला नसलं की पोरं पेस्केरा देत.

पुढे दोन वर्षं दक्षिणेत, एक बेटावरच्या क्लबात (तो क्लब हंगाम संपायच्या आत बुडाला, बेट शाबूत आहे), मग थोडं इथे, थोडं तिथे, आणि तिसाव्या वर्षी परत तोरेमोंतेला. तिसऱ्या दर्जाची साखळी, रविवारी दुपारी बाराला सामना, मैदानाला लागून गव्हाची शेतं. एलादिओला वाटलं, आपण पोचलो.

त्याच्या करारात एक कलम होतं. हंगामात पंचवीस सामन्यांत तो निदान अर्धा-अर्धा वेळ खेळला, तर करार आपोआप एक वर्षाने वाढायचा. सहा वर्षं हे कलम कोणी वाचलंही नव्हतं, कारण तो दरवर्षी चौतीस खेळे. या वर्षी तो छत्तीसचा झाला आणि कलमाला एकदम वाचक मिळाले. मे महिन्यात एकच सामना उरला आणि एलादिओच्या नावावर चोवीस लागले होते. क्लबाचे अध्यक्ष डॉन लेआंद्रो यांचा विटांचा कारखाना होता आणि जुना माल ठेवून घेण्याच्या ते विरुद्ध होते. त्यांनी कोच आरानाला काहीही आदेश दिला नाही. फक्त दोनदा भेटून विचारलं, की चोविसानंतर कोणता आकडा येतो.

आराना सरळ माणूस. त्याने गुरुवारी एलादिओला बाजूला घेतलं. साखळीत टिकून राहायला एक बरोबरी पुरे होती. पण समोरच्या संघाचा आघाडीवीर हरणासारखा पळणारा. "मैदान कोरडं असलं तर आसिएर खेळेल," आराना म्हणाला. "चिखल असला तर तू. याहून जास्त न्याय मला येत नाही."

हा खरोखर न्याय होता. आसिएर वीस वर्षांचा, पळायला लागला की वारा मागे राही. पण तोरेमोंतेच्या मैदानाखाली जुना झरा आहे, आणि पाऊस झाला की तिथे लापशी होते. त्या लापशीत एलादिओ राजा. चिखलात सगळेच छत्तीस वर्षांचे होतात. फरक एवढाच, की एलादिओला त्याची सवय होती.

आता तोरेमोंतेत पावसाचं खातं सांता क्लाराच्या मठाकडे आहे. लग्न, बाप्तिस्मा, जत्रा, काहीही असो. आधी मठात अंडी नेऊन द्यायची, आतल्या नन प्रार्थना करतात आणि त्या दिवशी पाऊस पडत नाही. पडलाच, तर अंडी कमी दिली असं समजतात. एलादिओची बायको नीवेस हिने शुक्रवारी सकाळी बातमी आणली, की डॉन लेआंद्रोंच्या घरून मंगळवारीच सहा डझन मठात गेली.

"सहा?" एलादिओ म्हणाला.

"सहा. आपल्या लग्नाला तुझ्या आईने एकच डझन दिलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर गुडघाभर पाणी."

तिने पुढे विचारलं, की आणखी एक वर्ष हवंय तरी कशाला. तिचा भाऊ खिडक्यांच्या पडद्यांचं दुकान चालवतो, माणूस हवाच आहे त्याला. एलादिओने विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाला, "नीवेस, रविवारी बारा वाजता मी काय करू?" रविवारी बारा वाजता नवरा घरात, हे चित्र तिनेही बहुधा पहिल्यांदाच नजरेसमोर आणलं असावं. तिने फळीवरून एक डझन अंडी काढून त्याच्या हातात दिली.

मठाच्या ओसरीत भिंतीत एक लाकडी फिरता कप्पा आहे. बाहेरून ठेवायचं, कप्पा फिरतो, आत जातं. आतली व्यक्ती दिसत नाही. एलादिओने घंटा ओढली.

"आवे मारिया पुरीसिमा," आतून आवाज आला.

"नमस्कार," एलादिओ म्हणाला.

कप्पा हलला नाही. बरंच थांबल्यावर त्याला लहानपणी शिकवलेलं आठवलं आणि त्याने त्या प्रार्थनावजा नमस्काराचं ठरलेलं उत्तर दिलं, तेव्हा कप्पा फिरला. आत होत्या दार सांभाळणाऱ्या सिस्टर कासिल्दा. गावाने त्यांना चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं, ऐकलं मात्र भरपूर होतं.

"कशासाठी? लग्न की कम्युनियन?"

"रविवारचा सामना."

"त्याची पोचली. सहा डझन."

"माझी उलटी आहेत, सिस्टर."

"उलटी म्हणजे?"

"पाऊस पडावा म्हणून."

कप्पा करकरला आणि अंडी जशीच्या तशी बाहेर आली.

सिस्टर कासिल्दांनी मग नियम समजावून दिला. इथे पाऊस अडवतात, पाडत नाहीत. पाडायला शेतकऱ्यांचा संत इसिद्रो आहे, त्याचा दिवस मागच्या आठवड्यात होऊन गेला. शिवाय रविवारी अकरा मुलींचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचा विधी, पांढऱ्या झग्यांत. अकरा आयांची अंडी आत रचून ठेवली आहेत. एका डझनासाठी अकरा झगे चिखलात घालायचे का, हे त्यानेच सांगावं. "आणि इसिद्रोकडे जायला उशीर केलास," त्या म्हणाल्या. "हल्ली तू सगळीकडेच उशिरा पोचतोस, एलादिओ."

एलादिओ चपापला. "तुम्ही ओळखलंत?"

"या गावात रविवारी पाऊस हवा असलेला दुसरा कोण आहे?"

मठाच्या स्वयंपाकघरात रेडिओ होता. रविवारी दुपारी बिस्किटं भाजताना तो लावला जाई, आणि भट्टीपाशी लक्ष कोणाचं कमी-जास्त झालं तर मठप्रमुख मदर सुपीरिअर खोकून टोकत नसत. सिस्टर कासिल्दांनी एलादिओचा प्रत्येक सामना ऐकला होता. ते तिन्ही गोलसुद्धा, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

"एक सांग. पूर्वी रेडिओवाला म्हणायचा, 'पेस्केरा तिथे होताच.' ऑक्टोबरपासून म्हणतो, 'पेस्केरा मागे धावतोय.' धावणं कधी सुरू केलंस?"

एलादिओला लाकडी कप्प्यासमोर उभं राहून कान तापल्यासारखं झालं. तो म्हणाला, पोरं फार वेगाने पळतात, त्यांच्याबरोबर राहायला हवं.

"माझ्या बापाकडे म्हातारं कुत्रं होतं," आवाज म्हणाला. "तरणी कुत्री मेंढ्यांमागे धावधावून जिभा काढायची. हे उठायचं, जिथे मेंढी येणार तिथे जाऊन बसायचं. मेंढी यायची, कुत्रं बघून परत फिरायची. पाच पावलं मागे उभा राहा की."

"कोच ओरडेल."

"मेंढपाळही ओरडतात. अंडी ठेवायची तर ठेव. पण कशासाठी म्हणून सांगू वर? पाऊस सोडून काय ते बोल."

एलादिओने अंडी पुन्हा कप्प्यात ठेवली. "खेळायला मिळावं म्हणून."

"हे नियमात बसतं," सिस्टर कासिल्दा म्हणाल्या, आणि कप्पा फिरला.

रविवारी आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता. बारा वाजता उन्हाने गव्हाची शेतं तडतडत होती. कम्युनियनच्या मुली झग्यांसकट मैदानावर आल्या होत्या आणि एकीच्याही झग्याला डाग नव्हता. डॉन लेआंद्रो प्रेक्षकांत टोपी घालून प्रसन्न बसले होते. एलादिओ राखीव बाकावर.

आसिएर सुरेख खेळत होता. त्या हरणामागे तो दहादा धावला, दहादा पोचला, आणि नंतर नुसता उत्साहाने आणखी चारदा धावला. एकेचाळिसाव्या मिनिटाला त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले आणि तो मैदानाच्या मधोमध लाकडासारखा आडवा झाला. सहा डझन अधिक अकरा आयांच्या अंड्यांचं ऊन होतं. त्यापुढे विशीतल्या पोटऱ्यांचा काय पाड.

आरानाने बाकाकडे पाहिलं. मग प्रेक्षकांकडे पाहिलं. तिथे डॉन लेआंद्रो उभे राहून दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करत होते. आरानाने त्या बाजूचं ऊन डोळ्यांत जात असल्यासारखा तळहात कपाळाला लावला आणि पाठ फिरवली. "चल, ऊठ," तो म्हणाला.

दोघांच्या खांद्यांवर बाहेर येणारा आसिएर वाटेत भेटला. "आजोबा, चिखल नाहीये. जमेल ना?"

"तू झोप," एलादिओ म्हणाला.

तो आत गेला आणि पाच पावलं मागे उभा राहिला. आराना ओरडला, पुढे सरक. एलादिओ सरकला नाही. आरानाने आणखी ओरडून पाहिलं, आणि त्यात एलादिओच्या आईचाही उल्लेख आला, पण ती गावात लोकप्रिय असल्याने प्रेक्षकांनी आरानालाच गप्प केलं. हरीण सुटलं, सगळ्यांना मागे टाकून आलं आणि बघतं तर वळणावर टोलनाका असावा तसा एलादिओ उभा. पुन्हा दुसऱ्या बाजूने आलं, तिथेही तोच. सत्तराव्या मिनिटाला त्या पोराने चिडून विचारलं, "काका, तुम्ही पळत का नाही?"

"कुठे जायचंय?" एलादिओ म्हणाला.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून गेला. मैदानातले बाकीचे नऊजण विजयाच्या आशेने पुढे गेले होते. मागे राहण्यात कंटाळा न वाटलेला एकच माणूस गोलच्या रेषेवर होता. एलादिओने नडगी घातली. क्षणभर त्याला आपल्या आयुष्यातला सहावा गोल दिसला, आणि तो कोणत्या खात्यात पडणार तेही दिसलं. पण चेंडू वर उडाला, कुंपण ओलांडून गव्हात गेला आणि सापडेपर्यंत चार मिनिटं गेली.

शून्य-शून्य. तोरेमोंते टिकलं. लोक मैदानात घुसले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी गोलरक्षकाला उचललं.

कपडे बदलायच्या खोलीत डॉन लेआंद्रो आले. सगळ्यांशी हात मिळवत ते एलादिओपाशी पोचले आणि त्याचा हात जरा जास्त वेळ धरून राहिले. वीट भाजली गेली की नाही हे ठोकून बघणाऱ्याचा चेहरा.

"पंचवीस," ते म्हणाले.

"पंचवीस," एलादिओ म्हणाला.

"कारकुनाला सांगतो." आणि मग माणसाने उगीच वाईट दिसू नये म्हणून, "नडगी बरी आहे ना?"

ते गेल्यावर एलादिओ बुटांच्या नाड्या सोडत बसला. त्याला गावभर ओरडत सुटावंसं वाटत होतं. सवय नसल्याने तो नाड्याच सोडत राहिला. तेवढ्यात आराना दारात उभा राहून पुढच्या हंगामाचं वेळापत्रक वाचू लागला. आठ जुलैला सराव सुरू. पहिले दहा दिवस डोंगरावर. सकाळी सहाला पायथ्याशी जमायचं आणि वरच्या देवळापर्यंत धावत जायचं.

"सगळ्यांनी?" एलादिओने विचारलं.

"करार आहे त्या सगळ्यांनी."

एलादिओने एक बूट हातात घेतला, आणि त्या वर्षात पहिल्यांदाच निवृत्तीचा गांभीर्याने विचार केला.